तिसऱ्या पेटीची साक्ष

१

प्राचार्य गणपतराव सरनोबत शुक्रवारी सकाळी आपल्या सातबाऱ्याची प्रत काढायला समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि भलताच कागद हातात घेऊन परत आले. दुकानदाराच्या टेबलावर साठ प्रतींचा गठ्ठा बांधून तयार होता, त्यातला सगळ्यात वरचा. कागदाच्या माथ्यावर नुसतं 'महत्त्वाचे प्रश्न' असं लिहिलेलं. पण प्रश्न तेच होते, जे सोमवारी आमच्या तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षाला यायचे होते. क्रमही तोच. मूळ पेपरात टायपिंगच्या चुकीनं सातवा प्रश्न दोनदा आला होता. या कागदातही सातवा प्रश्न दोनदा होता.

गठ्ठा काढायला सांगणाऱ्या मुलांना खोलीत घेऊन गणपतरावांनी आवाज चढवला. काल रात्री मुलांच्या वसतिगृहात दाराखालून कुणीतरी कागद सारला, याच्यापलीकडे त्यांना काही माहीत नव्हतं. हे नंतर ऐकलं तेव्हा मला ती खरी वाटली. खोटं बोलणारी पोरं एवढी कमी बोलत नाहीत.

सोमवारची परीक्षा पुढं ढकलली आणि मला बोलावणं आलं.

मी सोमशेखर पट्टणशेट्टी, मूळचा कुरुंदवाडचा. बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनीचे फॉल्ट शोधत खांबाखांबानं हिंडलो. २००६ साली निवृत्त झालो आणि त्याच वर्षी बायको शांतव्वा गेली. मुलगी सौंदर्या बेंगळुरूला असते. घरात बसून छताच्या तुळया मोजण्यापेक्षा बरं, म्हणून कळंब्याच्या तळ्याकडच्या या तंत्रनिकेतनात संगणकांची देखभाल धरली. २००८ सालातली ही गोष्ट. संस्थेचं नाव सांगत नाही, तिथं अजून माणसं नोकरी करतात.

पेपर परीक्षा विभागाच्या एकाच संगणकावर होता. त्याला पेन ड्राइव्ह लावायची सोय नव्हती. ती भोकं मी स्वतः एमसीलनं बुजवली होती. म्हणजे पेपर गेला तो हवेतून, बिनतारी जाळ्यावरून. संगणकातली नोंद काढली. गुरुवारी संध्याकाळी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी खात्याच्या सामाईक लॅपटॉपवरून पेपर उतरवला गेला होता. हा लॅपटॉप वर्कशॉपच्या कपाटात असायचा आणि कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे होत्या. एक संयोगिता खाडे, दुसरा रुद्रेश. दोघंही पहिल्या वर्षाला शिकवणारे, दोघंही हंगामी.

दोघांपैकी कोण, हे सांगायची सोय मीच सहा महिन्यांपूर्वी केली होती. कुंपणाबाहेर गाडी लावून आमचं इंटरनेट चोरून वापरणारे फार झाले होते. म्हणून आवारात बिनतारी लहरी पकडणाऱ्या तीन पेट्या बसवल्या. एक इमारतीच्या पश्चिम टोकाला ऑफिसात, दुसरी पूर्व टोकाला लायब्ररीत, तिसरी दक्षिणेला कँटीनमध्ये. एखाद्या लॅपटॉपचा आवाज कुठल्या पेटीला किती मोठा ऐकू येतो, त्यावरून तो किती लांब आहे ते कळतं. तिन्ही अंतरं जुळवली की आवाराच्या नकाशावर लाल ठिपका उमटतो. ठिपका कुंपणाबाहेर पडला की जाळं त्याला तोडतं. माणसाला जात, गाव, पगार काही न विचारता नुसतं कुठं आहेस एवढंच विचारणारा पहारेकरी. मला त्याचा भारी अभिमान होता.

गणपतरावांसमोर मी गुरुवारचा नकाशा उघडला. चार अठ्ठावन्नचा ठिपका इमारतीच्या उत्तरेला पडला होता, मुलींच्या वसतिगृहाच्या तळमजल्यावर. ती खोली रेक्टरची, म्हणजे संयोगिताची.

"नक्की?" गणपतरावांनी विचारलं.

"नकाशा खोटं बोलत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला पुढं पुष्कळ दिवस पुरलं.

२

संस्थेची कमिटी पुढच्या शनिवारी बसायची होती. तोवर संयोगितानं वर्गावर जायचं नाही, आणि शनिवारी नोकरी गेली की त्याच दिवशी खोली सोडायची, असं ठरलं. एक माणूस नोकरीला आणि घराला एकदमच मुकणार होता. गणपतराव माणूस वाईट नव्हते, पण त्यांना घाई होती. मला म्हणाले, "सोमाण्णा, तिचं लेखी घेऊन ठेवा. तुमच्याशी बोलंल ती."

ती माझ्याशी दोन वर्षांत दहा वाक्यंसुद्धा बोलली नव्हती. तिशीची बाई. माहेर गडमुडशिंगीला, बसनं पाऊण तासाच्या आत. पण दिवाळीलाही जात नसे. नवऱ्याला सोडून आली म्हणून माहेरानं दार लावलं होतं, एवढं पिराजी शिपायाकडून कळलेलं. खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह, एक खुर्ची. खुर्ची एकच असल्यामुळं ती कॉटवर बसली.

"गुरुवारी पाचच्या सुमाराला कुठं होता?"

"हितंच."

"कोण होतं बरोबर?"

"कोण असणार?"

"काय करत होता?"

"रोज बसतो तसा बसलो हुतो." आमच्याकडच्या बायका 'आलो, गेलो' असंच बोलतात; बाहेरच्याला नवल वाटतं. "लाइट गेलती. खिडकीतनं तळं दिसतं. ते बघत बसलो. हे लिहिणार काय तुम्ही?"

मी लिहिलं नाही. हातात पेन घेऊन मी माझेच गुरुवार आठवत होतो. परवा संध्याकाळी पाचला मी कुठं होतो, असं कुणी विचारलं तर मी काय सांगणार? घरात. बरोबर कोण? कुणी नाही. एकट्या माणसाला साक्षीदार नसतो. त्यानं चोरी केली तरी कुणी पाहत नाही आणि नाही केली तरी कुणी पाहत नाही. हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं आणि फार वाईट वाटलं.

"लॅपटॉप कधी खोलीवर आणत होता?"

"आणत हुतो की. पेपर तपासायला, मार्क भरायला. पण लाइट असताना. त्येची बॅटरी मेलीया. वायर काढली की दोन मिनिटांत मान टाकतोय. गुरुवारी साडेचारला लाइट गेली ती सातला आली. ह्या खोलीत इन्व्हर्टर न्हाय. कशावर चालवणार?"

"हे सरांना का सांगितलं नाही?"

"विचारलं कुणी? तुमचा नकाशा दाखवला आन् सही कर म्हणाले."

मी तडक वर्कशॉपात गेलो, कपाटातला लॅपटॉप काढला आणि वायर उपसली. मनात आकडे मोजले. एकशे दहाला पडदा काळा झाला.

ती खरं बोलत होती. म्हणजे त्या दोघांत खोटं बोलणारा उरला तो माझा नकाशा.

३

इन्व्हर्टरची जोडणी आमच्याकडं चारच ठिकाणी होती. ऑफिस, लायब्ररी, कँटीन आणि वर्कशॉपातलं एक बटण. लाइट गेलेली असताना लॅपटॉप चालला, तर तो या चारांपैकी कुठंतरी. लायब्ररी गुरुवारी चारला बंद होते. ऑफिसात परीक्षा विभागाचा कारकून कृष्णात चौगुले बसतो. मी त्याला गाठलं. कृष्णात म्हणजे मोठ्या आवाजाचा माणूस. कानात सांगतो तेही गेटपर्यंत ऐकू जातं.

"माझ्यावर संशय घ्यायलाईसा काय सोमाण्णा? मला पेपर पाहिजे तर मी हितंच बसून वाचीन की. पेपर टाइप केला त्यो मीच. सातवा प्रश्न दोनदा घातला त्योबी मीच."

"गुरुवारी पाचला कुठं होतास?"

"लाइट गेली, पंखा बंद, जीव घुसमटला. गेलो कँटीनला च्या प्यायला. त्येच्या आधी रुद्रेश सरांना फोन लावला. मस्टरवर सही राह्यली हुती त्येंची. म्हटलं, दार उघडंच हाय, मस्टर टेबलावर हाय, सही मारून जावा. 'येतो' म्हणाले. पर आले न्हाईत बहुतेक. मी परत आलो सव्वापाचला, तवा हितं कोण न्हवतं."

"पासवर्ड कुठं ठेवतोस?"

त्यानं मॉनिटरकडं बोट केलं. पिवळी चिठ्ठी काचेच्या कडेला चिकटवलेली. एवढ्या पेट्या, एवढे नकाशे बसवले, आणि किल्ली कुलपालाच टांगलेली.

गेटवर पिराजीकडं गेलो. पिराजी चौदा वर्षं गेटवर आहे. कोण आलं, कोण गेलं ते वहीत लिहितो. वाचायला कुणी येत नाही, तरी लिहितो. गुरुवारच्या पानावर स्वच्छ अक्षरात होतं: '४.४५ रुद्रेश सर – गेले.'

"तू बघितलंस जाताना?"

"बघायचं काय त्यात? मी कंदिलाची काच पुसालतो, पाठ हुती. सरांचा आवाज आला, 'येतो'. मी म्हटलं, 'या'. लिवलं, गेले."

म्हणजे रुद्रेश पावणेपाचलाच आवाराबाहेर. कृष्णातच्या सांगण्यानंही तो ऑफिसात आला नव्हता. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं, कारण रुद्रेशचं नाव या भानगडीत मला नकोच होतं.

रुद्रेश गडहिंग्लजच्या पलीकडचा, आमच्याच लिंगायतांतला. वय एकोणतीस. दर रविवारी दुपारी माझ्याकडं जेवायला यायचा. शांतव्वा गेल्यावर माझ्याशी कन्नड बोलणारं कोल्हापुरात तेवढं एकच माणूस राहिलं होतं. मी भाकऱ्या थापायचो, तो शेंगाची चटणी घेऊन यायचा. आठवड्याचे सहा दिवस मी त्या एका दुपारच्या आधारानं काढत असे, हे त्याला मी कधी सांगितलं नव्हतं.

त्या रविवारीही आला. भाकरी अर्धीच खाल्ली.

"मॅडमचं काय होणार, अण्णा?"

"शनिवारी काढतील. नकाशात सापडलीय."

"बिचारी," तो म्हणाला. हात धुऊन उंबऱ्याशी उभा राहिला आणि नेहमीसारखं कन्नडमध्ये म्हणाला, "बर्तीनी, अण्णा." म्हणजे येतो. निघताना 'जातो' म्हणू नये, ही रीत दोन्ही भाषांत सारखीच आहे. मीही नेहमीसारखं म्हणालो, "बा." म्हणजे ये.

दार लावताना माझा हात कडीवरच थांबला. पिराजीनं पाठ वळवून एक 'येतो' ऐकला होता आणि कृष्णातनं फोनवर एक. वेळ दोन्हींची पावणेपाचच. मग 'येतो' दोन होते, की एकच?

४

नुसत्या शब्दावर माणसाला धरता येत नाही. गुरुवारची वाट बघायला हवी होती. तोच वार, लोडशेडिंगची तीच वेळ, तोच लॅपटॉप. हातात शनिवारच्या आधीचा हा एकच गुरुवार होता.

साडेतीनला मी वर्कशॉपात इन्व्हर्टरच्या बटणापाशी बसलो. वर्कशॉप इमारतीच्या दक्षिणेला आहे, कँटीनच्या थोडं अलीकडं. सामाईक लॅपटॉपवर नकाशा उघडला आणि स्वतःचाच ठिपका बघत राहिलो. ठिपका वर्कशॉपात, जिथं पाहिजे तिथं. साडेचारला लाइट गेली. लेथ बंद पडले, मुलं बाहेर पळाली. ठिपका जागचा हलला नाही. मला वाटलं होतं लाइट गेली की नकाशा बिघडत असेल. तसं काही झालं नाही. पावणेपाच झाले. मी स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि उठणार, तेवढ्यात ठिपका उडाला.

मी बसल्या जागी होतो. लॅपटॉप मांडीवर होता. आणि नकाशावर मी उत्तरेला, मुलींच्या वसतिगृहात, संयोगिताच्या खोलीत होतो. घड्याळात चार पन्नास झाले होते.

मी लॅपटॉप तिथंच टाकला आणि कँटीनकडं निघालो. गुडघे दुखतात, तरी पळालोच. कँटीन चालवणाऱ्या बयाबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून, पदर कानावर घेऊन मोबाइलवर बोलत होत्या. मोबाइलची वायर बटणात होती. आणि त्या बटणात एरवी असणारी माझी तिसरी पेटी वायर गुंडाळून साखरेच्या डब्यावर ठेवलेली होती.

त्यांचं बोलणं होईपर्यंत मी बाकावर बसून राहिलो. 'जेवतोस न्हवं', 'थंडी हाय काय रं', 'म्हस व्याली'. पंचवीस मिनिटांनी फोन ठेवला, वायर काढली, पेटी पुन्हा लावली, मग मला बघितलं.

"सायेब, रागावू नगा. पोरगं मिल्ट्रीत हाय, लांब तिकडं बर्फात. बेस्तरवारी पाचला त्येचा फोन येतोय. ह्या मोबाइलची बॅटरी फुगलीया, वायर लावल्याबिगर बोलणं हुत न्हाय. लाइट नसली की हे एकच बटण चालतंय. तुमचं डबडं जरा काढून ठेवते. परत लावते की. कुणाला काय कळतंय?"

कळलं नव्हतं, हे खरंच. पेटी बंद पडल्याच्या नोंदी माझ्याच संगणकात दर गुरुवारी जमा होत होत्या. मी त्या कधी उघडूनही बघितल्या नव्हत्या.

"मागच्या गुरुवारी इथं कोण होतं?"

"कृष्णात हुता की. बाकावर च्या पीत. जोरात बोलू नगंस म्हटलं त्येला, फोन चालालाय."

कृष्णात सुटला. संयोगिता सुटलीच होती. मी बाकावर बसून राहिलो. बयाबाईंनी न मागता चहा ठेवला. तो मी गार करून प्यालो.

५

शुक्रवारी सकाळी गणपतरावांच्या टेबलावर मी दोन खिळे ठोकले. ते काही म्हणायच्या आत प्रत्येक खिळ्याला एकेक सुतळी बांधली.

"हा खिळा ऑफिसची पेटी, हा लायब्ररीची. लॅपटॉप एकीपासून एवढ्या सुतळीवर, दुसरीपासून एवढ्या. आता दोन्ही सुतळ्यांची टोकं जुळवा."

त्यांनी जुळवली. टोकं खिळ्यांच्या वरच्या बाजूला मिळाली.

"आता खाली जुळवा."

खालीही मिळाली, तितक्याच लांब. आरशात बघावं तशी.

"दोन पेट्यांवरून जागा दोन निघतात, सर. वर वसतिगृह, खाली वर्कशॉप. त्यातली खरी कुठली ते तिसरी पेटी सांगते. गुरुवारी पाचच्या सुमाराला तिसरी पेटी बंद होती. मग नकाशानं मला ठाऊक नाही म्हणायला पाहिजे होतं. पण तसं म्हणायला मी त्याला शिकवलंच नव्हतं. त्यानं आपला वरचा ठिपका दाखवला आणि मी तुम्हाला सांगितलं, नकाशा खोटं बोलत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आपण."

गणपतरावांनी सुतळ्या पुन्हा एकदा वर-खाली जुळवून बघितल्या. टेबलाचं त्यांनी काही काढलं नाही. "मग वर्कशॉपात कोण होतं? रुद्रेश तर पावणेपाचला गेलता. पिराजीनं लिहिलंय."

"मस्टर कुठं आहे?"

"माझ्या कपाटात. पेपर सापडला त्या सकाळी कॉलेज उघडायच्या आत सगळे कागद मीच कुलपात टाकले. तेव्हापासून सह्या दुसऱ्या वहीत चालल्यात."

"उघडा."

कपाटातून मस्टर निघालं. गुरुवारचा रकाना. रुद्रेशच्या नावापुढं निळ्या शाईची सही होती.

कृष्णातनं त्याला फोन लावला तोवर ही सही नव्हती; म्हणूनच तर फोन लावला. शुक्रवारी सकाळी मस्टर कुलपात गेलं. म्हणजे सही झाली ती गुरुवारी, फोननंतर. आणि गेटच्या वहीप्रमाणं तो त्याच मिनिटाला बाहेर गेला होता. गेलेल्या माणसानं सही केली कशी?

'येतो' एकच होता. रुद्रेश गेटपाशी पोचला असताना कृष्णातचा फोन आला. तो फोनमध्ये म्हणाला, "येतो." म्हणजे परत येतो. पिराजीला पाठमोरा तेवढाच शब्द ऐकू आला. निघणारा माणूस 'येतो' म्हणतो आणि आपण 'या' म्हणतो, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं लिहिलं, गेले. कृष्णात सव्वापाचला परत आला, त्याला कुणी दिसलं नाही, तो म्हणाला, आले नाहीत. रात्री रुद्रेश खरोखर बाहेर पडला, तेव्हा पिराजीची पाळी संपलेली असणार. एका शब्दाचे दोघांनी दोन अर्थ घेतले आणि दोघांच्या मधल्या फटीत रुद्रेश दिसेनासा झाला.

"बोलावतो त्याला," गणपतराव म्हणाले.

"उद्या सकाळपर्यंत थांबा," मी म्हणालो. "आज मी बोलतो."

संध्याकाळी तो घरी आला. शुक्रवार असून बोलावलं, तेव्हाच त्याला कळलं असावं. मी त्याच्यापुढं काही मांडलं नाही. नुसतं विचारलं, "मस्टरवर सही करायला परत आलास. मग वर्कशॉपात कशाला गेलास?"

तो खाली बसला. "त्या चिठ्ठीवर नजर गेली, अण्णा. पासवर्डच्या. चार वर्षं हंगामी काढली. जूनमध्ये एक जागा कायम करणार, ज्याचा निकाल चांगला त्याची. माझी तुकडी दरवर्षी बुडते. मॅडमची वर येते. नुसते प्रश्न पोरांना गेले, तर सगळेच पास होतील, माझेही होतील, असं वाटलं. कुणाचं वाईट करायचं मनात नव्हतं."

"मग नकाशात तिची खोली आली."

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"घेतलं नाहीस. पण दुसऱ्यांनी घेतलेलं आठ दिवस पुसलंही नाहीस. माझ्या घरी बसून 'बिचारी' म्हणालास."

तो रडला नाही, मीही नाही. मला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त राग माझा आला होता. कारण मनाच्या एका कोपऱ्यात मी अजून हिशेब करत होतो, की गप्प बसलो तर परवा रविवार आहे.

"उद्या तू सांगतोस, की मी सांगू?"

"मी सांगतो."

उठून उंबऱ्यापाशी गेला. चपला घातल्या. मग निरोप घेताना पहिल्यांदाच मराठीत म्हणाला, "जातो, अण्णा."

आमच्या घरात उंबऱ्यावर उभं राहून हा शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता. माझ्या तोंडात 'बा' तयार होतं. ते तसंच राहिलं.

६

शनिवारी कमिटीपुढं गणपतरावांनी रुद्रेशची चिठ्ठी वाचली. सगळं कबूल केलं होतं, काही लपवलं नव्हतं, आणि खाली राजीनामा. तो स्वतः सकाळच्या गाडीनं गावी गेला होता. पिराजीनं या वेळी डोळ्यांनी बघून लिहिलं होतं. संयोगिताला सोमवारपासून वर्गावर यायला सांगितलं. गणपतराव तिच्याकडं बघून दोनदा खाकरले. माफी मागायची त्यांची तेवढीच पद्धत होती.

मी मात्र सरळ मागितली. व्हरांड्यात गाठून म्हणालो, "चूक माझी होती, बाई. मीच बोट दाखवलं."

ती कठड्याला टेकून तळ्याकडं बघत होती. "राग आलता," म्हणाली. "अजूनबी हाय. पर एक सांगू काय? त्या खोलीत मी दोन वर्षं झाली राहतोय. संध्याकाळी काय करतीस, असं मला कुणी विचारलं न्हवतं. तुम्हीच पहिले. त्येबी चोरीच्या चौकशीला."

रविवारी भाकरी खायला या, असं म्हणायचं ओठावर आलं. पण ज्यानं कालपर्यंत तिला चोर ठरवलं त्याच्या घरची भाकरी तिच्या घशाखाली कशी उतरेल, या विचारानं ते गिळलं.

"येतो," ती म्हणाली.

"या," मी म्हणालो. ती वसतिगृहाकडं गेली.

संध्याकाळी मी कँटीनमध्ये बयाबाईंसाठी दुसरं बटण काढलं, फक्त मोबाइलचं. मग ऑफिसात बसून नकाशाला नवी ताकीद दिली: पेट्या दोन असतील तर ठिपका दाखवायचा नाही, 'माहीत नाही' एवढंच दाखवायचं. मोठ्या अक्षरात. हे काम पाच मिनिटांचं होतं. सहा महिन्यांपूर्वी केलं असतं, तर निदान संयोगिताचे आठ दिवस वाचले असते. रुद्रेश मात्र सापडायचा तो सापडलाच असता.

तिन्ही पेट्या चालू करून एकदा बघितलं. आवारात ठिपके दोनच होते. एक उत्तरेला, वसतिगृहात. लाइट होती, ती लॅपटॉपवर सोमवारची तयारी करत असावी. दुसरा ऑफिसात, म्हणजे मी. दोन्ही अगदी बरोबर जागी होते.

संगणक बंद केला, पिशवी घेतली आणि गेटपाशी आलो. उद्या रविवार. पीठ दळून आणलेलं होतं, दोघांच्या अंदाजानं.

"येतो रे, पिराजी," मी म्हणालो.

पिराजी वही घेऊन बाहेर आला. कालपासून त्यानं ही नवीन सवय लावून घेतली होती. कुणाच्याही शब्दावर तो आता विश्वास ठेवत नव्हता.

"येतो म्हंजी? आत का भाईर, सायेब? नीट सांगा. मला लिवायचं हाय."

मी घराच्या दिशेनं बघितलं. तिकडं माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. मग मागं, उत्तरेच्या एका उजेडाच्या खिडकीकडं बघितलं. तिथंही मला कुणी बोलावलं नव्हतं.

"लिही," मी म्हणालो. "गेले."